मोटारीच्या किल्लीचा रिमोट अधूनमधून बंद पडत असल्यास : कारणे, तपासणी व दक्षता

मोटारीच्या किल्लीचा रिमोट कायमचा बंद पडला, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. मात्र सकाळी घराच्या वाहनतळात दाद न देणारा रिमोट दुपारी कार्यालयाबाहेर सुरळीत चालतो आणि सायंकाळी पुन्हा मुका होतो, तेव्हा वाहनधारक संभ्रमात पडतो. गॅरेजमध्ये दाखवावे, तर तेथे तो नेमका चालू असतो. अशा वेळी घाईने नवी किल्ली मागविली जाते आणि काही दिवसांनी तोच अनुभव पुन्हा येतो. सेलची किंमत शंभर रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, तर संगणकीय नोंदणीसह नव्या किल्लीसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. त्यामुळे दोष किल्लीत आहे, गाडीत आहे की सभोवतालच्या परिसरात, हे आधी ठरविणे हिताचे ठरते. त्यासाठीची माहिती येथे देण्यात येत आहे.

व्हाइटफील्डची पार्श्वभूमी

बंगळुरूच्या पूर्वेस असलेल्या व्हाइटफील्डची स्थापना १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन व युरेशियन समाजाची वसाहत म्हणून झाली. म्हैसूरच्या महाराजांनी त्यासाठी जमीन दिली होती आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि या शांत वस्तीचे रूपांतर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या मोठ्या केंद्रात झाले. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबेही या परिसरात स्थायिक झाली आहेत. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर संशोधन करणारी मर्सिडीज-बेंझची संस्थाही येथेच आहे.

किल्लीच्या रिमोटच्या दृष्टीने या परिसराची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे उंच इमारतींखालील दोन-तीन मजली वाहनतळ. तेथील काँक्रीटच्या भिंती, लोखंडी सळ्या व पत्रे यांमुळे रेडिओ लहरी परावर्तित होतात, क्षीण होतात. दुसरे म्हणजे एकाच आवारातील शेकडो घरे आणि त्यांतील बिनतारी उपकरणे. तिसरे म्हणजे पाणी. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बंगळुरूच्या पूर्व व आग्नेय भागांतील अनेक वसाहती जलमय झाल्या आणि तळघरांतील वाहने पाण्याखाली गेली. मुंबई, ठाणे, पुणे वा नागपूर येथील संकुलांतही ही परिस्थिती थोड्याफार फरकाने आढळते. म्हणूनच पुढील विवेचन सर्व ठिकाणच्या वाहनधारकांना उपयोगी पडेल.

एका किल्लीत तीन यंत्रणा

आजच्या बहुतेक किल्ल्यांत परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन यंत्रणा असतात. पहिली धातूचे पाते. ते दाराचे कुलूप यांत्रिक पद्धतीने उघडते. दुसरी ट्रान्सपाँडर नावाची चिप. इंजिन सुरू करताना गाडी या चिपची ओळख पटवून घेते आणि ओळख न पटल्यास इंजिन सुरू होऊ देत नाही. या संरक्षक व्यवस्थेस इमोबिलायझर म्हणतात. पात्याच्या किल्लीतील या चिपला सेलची गरज नसते. कुलपाभोवती बसविलेल्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते. तिसरी यंत्रणा म्हणजे बटणे दाबल्यावर संदेश पाठविणारा रेडिओ प्रक्षेपक. सेलवर चालतो तो हाच.

हा भेद समजला की निम्मी तपासणी आपोआप होते. रिमोटने दार उघडत नाही, पण किल्ली लावताच इंजिन सुरू होते, अशी स्थिती असल्यास चिप शाबूत असून दोष रेडिओ भागाशी संबंधित आहे. याउलट रिमोटने दार उघडते, परंतु इंजिन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवरील किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो, अशा वेळी इमोबिलायझरची तपासणी आवश्यक ठरते. सेल बदलून तेथे उपयोग होत नाही.

रिमोटचे कार्य

बटणावर चालणारी दूरस्थ कुलूप व्यवस्था १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ फ्यूगो या मोटारीत आली. प्रारंभीच्या अशा किल्ल्या अवरक्त किरणांचा वापर करीत. पुढे रेडिओ लहरी रूढ झाल्या. भारतात व युरोपात मोटारींच्या रिमोटसाठी प्रामुख्याने ४३३.९२ मेगाहर्ट्झ, तर अमेरिका व जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता वापरली जाते. दूरचित्रवाणीच्या रिमोटचा किरण मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिपक्यासारखा दिसू शकतो. रेडिओवर चालणाऱ्या किल्लीची मात्र तशी परीक्षा घेता येत नाही. किल्लीवरील लहान दिवा लागणे हीदेखील पुरेशी खूण नव्हे. दिवा लागला, याचा अर्थ बटण व सेल काही प्रमाणात कार्यरत आहेत एवढाच. संदेश बाहेर पडला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रत्येक वेळी एकच संदेश पाठविला, तर तो टिपून ठेवून चोरास पुन्हा वापरता येईल. हे टाळण्यासाठी प्रत्येक दाबणीबरोबर बदलणारा सांकेतिक क्रमांक वापरला जातो. कीलॉक ही अशी एक सुपरिचित पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. या पद्धतीत किल्ली व गाडी दोन्हींकडे एक गणक असतो. गाडीपासून दूर असताना बटण दाबले गेले, तर किल्लीतील गणक पुढे जातो आणि गाडीतील मागे राहतो. अंतर सोळा दाबण्यांच्या आत असेल, तर गाडी संदेश स्वीकारते. त्याहून अधिक असल्यास लागोपाठचे दोन संदेश मिळाल्यावर ती गणक जुळवून घेते. लहान मुलाने घरात किल्लीशी खेळल्यावर, किंवा खिशात बटण दबून राहिल्यावर, गाडीजवळची पहिली दाबणी वाया जाऊन दुसरी लागू पडते, त्यामागे हे कारण असू शकते. इतर पद्धतींत ही मर्यादा वेगळी असते.

तपासणीचा क्रम

अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषासाठी नोंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. आठवडाभर स्थळ, वेळ, अंतर, कोणती किल्ली वापरली आणि कितव्या दाबणीस प्रतिसाद मिळाला, हे टिपून ठेवावे. त्यानंतर गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली त्याच जागी वापरून पाहावी. निष्कर्ष साधारणपणे पुढीलप्रमाणे काढता येतात.

एकच किल्ली सर्व ठिकाणी त्रास देत असेल, तर दोष त्या किल्लीत आहे. दोन्ही किल्ल्या सर्व ठिकाणी त्रास देत असतील, तर गाडीची बॅटरी, संदेशग्राहक किंवा फ्यूज संशयास्पद ठरतो. दोन्ही किल्ल्या एकाच विशिष्ट जागी बंद पडत असतील आणि तेथून बाहेर येताच चालत असतील, तर परिसरातील रेडिओ अडथळ्याची शक्यता अधिक असते. एकच बटण बंद असून इतर बटणे चालत असतील, तर सेल नव्हे, ते बटण झिजलेले असते.

दुसरी किल्ली वर्षानुवर्षे कपाटात पडून असल्यास तिचा सेलही उतरलेला असू शकतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी तिच्यात नवा सेल घालणे योग्य ठरते.

सेल कमकुवत झाल्याची लक्षणे

रिमोटचा पल्ला हळूहळू कमी होत जाणे हे सेल उतरत असल्याचे प्रमुख लक्षण होय. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी दाराशी गेल्यावरच दाद देऊ लागते. रिमोट हनुवटीखाली धरला असता पल्ला काहीसा वाढतो. शरीर लहरींच्या प्रसारणास साहाय्य करते, हे त्याचे कारण होय. मात्र त्यावर समाधान मानण्याऐवजी सेल बदलण्याची ती सूचना समजावी.

सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. बटण दाबताच प्रवाहाची मागणी वाढते, विद्युतदाब घसरतो आणि संदेश अर्धवट राहतो. काही वेळ विश्रांती मिळाल्यावर दाब पुन्हा सावरतो आणि पुढची दाबणी यशस्वी होते. दोष ‘कधी आहे, कधी नाही’ असा भासतो तो यामुळे. थंडीत अंतर्गत रोध आणखी वाढतो. त्यामुळे उत्तर भारतातील हिवाळ्यात सकाळी बंद असलेला रिमोट दुपारी चालू शकतो. नव्या सेलचा दाब तीन व्होल्टहून किंचित अधिक असतो. मीटरवर तो २.८ व्होल्ट वा त्याखाली आल्यास सेल बदलावा. मात्र मीटरवरील आकडा भाराविना घेतलेला असल्याने तीन व्होल्ट दिसूनही सेल निकामी असू शकतो. शंका असल्यास नामांकित उत्पादकाचा नवा सेल घालून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

सेल बदलताना घ्यावयाची काळजी

जुन्या सेलवरील क्रमांक पाहूनच नवा सेल घ्यावा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा व ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल. सीआर २०२५ चा व्यास तेवढाच, पण जाडी २.५ मिलिमीटर असते. पातळ सेल जागेवर बसतो, परंतु संपर्क सैल राहतो. धक्का बसताच रिमोट बंद पडतो आणि हातावर आपटताच चालू होतो. अशी तक्रार असल्यास सेल योग्य क्रमांकाचा आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

किल्लीचे आवरण शक्यतो प्लास्टिकच्या पट्टीने उघडावे. अधिक चिन्हाची बाजू कोणत्या दिशेस आहे, हे लक्षात ठेवावे. संपर्कपट्ट्यांवर हिरवट वा पांढरा थर दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने तो पुसून घ्यावा. पट्टी दबलेली असल्यास ती अलगद वर उचलावी. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो. या लेपामुळे काही किल्ल्यांत संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही रिमोट चालत नसल्यास ही शक्यता तपासावी.

आवरण बदलताना विशेष सावधगिरी आवश्यक असते. काही किल्ल्यांत ट्रान्सपाँडर चिप मंडलपट्टीवर नसून आवरणाच्या कोपऱ्यात सुटी बसविलेली असते. जुने आवरण टाकून देताना ती चिपही टाकली जाते. मग रिमोट चालतो, दार उघडते, पण इंजिन सुरू होत नाही.

किल्ली पडल्यास व भिजल्यास

किल्ली उंचावरून पडल्यास आतील वारंवारता निश्चित करणारा सूक्ष्म घटक दुखावतो किंवा त्याचा डाख सुटतो. डाखाला तडा गेला असल्यास दाबाची जागा व तापमान बदलताच जोड लागतो वा तुटतो. आवरणाच्या एका ठरावीक कडेला दाबल्यावरच रिमोट चालत असेल, तर डाख तपासून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम जाणणारा कारागीर तो पुन्हा लावून देऊ शकतो. त्यासाठी नवी किल्ली घेण्याची गरज नसते.

किल्ली पावसात वा पुराच्या पाण्यात भिजल्यास बटणे दाबून पाहण्याचा मोह टाळावा. सर्वप्रथम सेल काढावा. ओलावा व विद्युतप्रवाह एकत्र आल्यास तांब्याच्या रेषा झपाट्याने गंजतात. मंडलपट्टी अल्कोहोलने स्वच्छ करून दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. केस वाळविण्याच्या यंत्राची प्रखर उष्णता देऊ नये. पुरानंतर लगेच चालणारी किल्ली काही आठवड्यांनी अधूनमधून बंद पडू लागते, त्यामागे हा मंद गंजच असतो. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत मात्र रिमोटचा प्रश्न दुय्यम ठरतो. अशी गाडी सुरू न करता विमा कंपनीस व सेवा केंद्रास कळविणे आवश्यक असते.

गाडीकडील कारणे

किल्ली निर्दोष असूनही गाडी दाद देत नाही, असे प्रसंग येतात. एखादे दार वा डिकी पूर्ण बंद नसल्यास, किंवा किल्ली कुलपात राहिली असल्यास अनेक मॉडेल रिमोटचा आदेश जाणूनबुजून नाकारतात. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्याने बॅटरी उतरते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ व्होल्टच्या खाली गेल्यास कुलपांच्या मोटारी मंदावतात. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्ड (कडुगोडी) स्थानकापर्यंत मेट्रो पोहोचली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती शहराच्या उर्वरित मार्गाशी सलग जोडली गेली. मेट्रोने कार्यालयात जाणाऱ्यांची गाडी आठवडाभर जागची हलली नाही, तर ही शक्यता ध्यानात ठेवावी. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही कुलपांसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते.

नंतर बसविलेली उपकरणे हे आणखी एक कारण होय. हलक्या प्रतीचे मोबाइल चार्जर, डॅशबोर्डवरील कॅमेऱ्याची वीजजोडणी व एलईडी दिवे रेडिओ गोंगाट निर्माण करतात. त्या गोंगाटात रिमोटचा क्षीण संदेश बुडून जातो. सर्व उपकरणे काढून दोन दिवस निरीक्षण केल्यास उलगडा होऊ शकतो.

परिसरातील अडथळा

विशिष्ट जागीच सर्वांचे रिमोट बंद पडत असतील, तर कारण परिसरात शोधावे लागते. बिनतारी घंटा, फाटक उघडणारी यंत्रे, घरगुती हवामानमापक यांसारखी अनेक उपकरणे ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालतात. त्यांपैकी एखाद्याचे बटण अडकले आणि ते सतत प्रक्षेपण करीत राहिले, तर आसपासच्या गाड्यांचे संदेशग्राहक जणू बहिरे होतात.

अमेरिकेत ओहायो राज्यातील नॉर्थ ओल्मस्टेड या उपनगरात २०१९ च्या वसंत ऋतूत नेमके हेच घडले. कित्येक आठवडे तेथील मोटारींचे रिमोट व गॅरेजची स्वयंचलित दारे चालेनाशी झाली होती. शोध घेतल्यावर एका रहिवाशाने घरी तयार केलेले, बॅटरीवर चालणारे उपकरण सापडले. आपण तळघरात काम करीत असताना वरच्या मजल्यावर कोणी आले आहे का, हे कळावे म्हणून त्याने ते बनविले होते. ते ३१५ मेगाहर्ट्झवर सतत संदेश पाठवीत होते. त्यात कोणताही दुष्ट हेतू नव्हता. उपकरण बंद करताच परिसर पूर्ववत झाला.

संकुलातील अनेकांना एकाच ठिकाणी त्रास होत असल्यास रहिवासी संघटनेने सर्वांच्या नोंदी एकत्र कराव्यात आणि अलीकडे बसविलेल्या बिनतारी यंत्रणा एकेक करून बंद करून पाहाव्यात. लहरी रोखणारे जॅमर हे भारतात खासगी व्यक्ती वा संस्थांना वापरता येत नाहीत. केंद्र सरकारची विशेष परवानगी नसल्यास त्यांचा वापर बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले होते.

बटणाविना उघडणाऱ्या किल्ल्या

किल्ली खिशात असताना दाराच्या मुठीला हात लावताच उघडणाऱ्या गाड्यांत संदेशाचा प्रवास दुहेरी असतो. गाडी कमी वारंवारतेचा संदेश जवळच्या परिघात सोडते आणि किल्ली त्यास उत्तर देते. किल्ली मोबाइल, लॅपटॉप वा चार्जरला लागून ठेवल्यास हा कमी वारंवारतेचा संदेश दबतो. त्यामुळे किल्ली व मोबाइल वेगवेगळ्या खिशांत ठेवून पाहावे. अशी किल्ली गाडीशेजारीच टांगून ठेवल्यास दोहोंमध्ये सतत देवाणघेवाण होऊन सेलही लवकर संपतो.

सेल पूर्ण संपला तरी मार्ग खुंटत नाही. किल्लीच्या पोटात लहान पाते दडविलेले असते आणि दाराच्या मुठीजवळ झाकणाखाली कुलपाचे छिद्र असते. दार उघडल्यावर किल्ली स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दर्शविलेल्या जागेस टेकवून बटण दाबल्यास बहुतेक गाड्या सुरू होतात. हा प्रयोग निवांत वेळी घरी एकदा करून पाहणे उपयुक्त ठरते. रात्री निर्जन रस्त्यावर पुस्तिका चाळण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने

लहरी अडविण्याचा उपयोग चोरही करू शकतात. बदलता सांकेतिक क्रमांक अडवून टिपणारे लहानसे उपकरण संशोधक सॅमी कामकर यांनी २०१५ मध्ये जगासमोर मांडले होते. गर्दीच्या वाहनतळात रिमोटने दाद दिली नाही, तर गाडी बंद झाली असे गृहीत धरू नये. दिवे लुकलुकले का, आरसे मिटले का, हे पाहावे आणि मूठ ओढून खात्री करावी. आवश्यक वाटल्यास दार पात्याने बंद करावे.

सदोष रिमोट जवळ असताना लहान मुलाला क्षणभरही गाडीत एकटे ठेवू नये. बाहेरचे हवामान सुखद असले तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढू शकते आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. मूल आत अडकल्यास किल्लीशी झटापट करण्यात वेळ न दवडता ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. मूल अस्वस्थ वा निपचित दिसल्यास त्याच्यापासून दूरच्या बाजूची काच फोडावी.

बटण सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेस दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. मुलाने तो गिळल्याचा नुसता संशय आला, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचरा वा बॅटरी संकलन केंद्रात द्यावा.

नवी किल्ली घेण्यापूर्वी

वरील सर्व उपायांनंतरही दोष कायम राहिल्यास किल्लीची गाडीशी पुन्हा नोंदणी करावी लागते. तिची पद्धत मॉडेलनुसार बदलते. काही गाड्यांत ती मालकास पुस्तिकेनुसार करता येते, तर काहींत सेवा केंद्रातील संगणकच लागतो. नोंदणीच्या वेळी सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत नव्याने नोंदणी करताना हजर नसलेल्या किल्ल्या यादीतून गळतात. हरवलेली किल्ली यादीतून काढून टाकण्यास सांगावे. बंद पडलेली किल्ली फेकून देऊ नये. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः सर्व मूळ किल्ल्या मागतात आणि एक जरी कमी असली तरी दाव्यात अडचण येऊ शकते.

थोडक्यात, आधी नोंद, मग दुसरी किल्ली, त्यानंतर योग्य क्रमांकाचा सेल व स्वच्छ संपर्क, पुढे गाडीची बॅटरी व परिसर आणि सर्वांत शेवटी नवी किल्ली, असा क्रम पाळल्यास बहुतेक वेळा खर्चाची सर्वांत वरची पायरी गाठावीच लागत नाही.